झाडं उभी आहेत तोवर

सभेला त्रेपन्न माणसं आली होती आणि माझ्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच होतं. झाडांची दया येते.

मी प्रश्न पुन्हा विचारला. मॅडम कॉम्फर्टनी तो त्यांच्या भाषेत पुन्हा सांगितला. कोकोच्या बागांत रोग शिरलाय, रोगट झाड काही केल्या बरं होत नाही, आणि ते उभं राहिलं तर शेजारची चार झाडंही जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तोडणीचं काम कोको विकत घेणाऱ्या कंपन्या करून देणार. नवी रोपं त्या देणार. झाडं धरेपर्यंत तीन वर्षं पोटापाण्याला आधारही देणार. मग तुम्ही झाडांना हात का लावू देत नाही?

पुढच्या बाकावरचे एक म्हातारे उठले आणि बराच वेळ बोलले. मॅडम कॉम्फर्टनी त्याचं दोन वाक्यांत इंग्रजी केलं. “ते म्हणतात, ही झाडं आम्ही लेकरांसारखी वाढवली. लेकरू आजारी पडलं म्हणून त्याला कुणी मारत नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. छपराखाली हाताची खुर्ची एकच होती, तिच्यावर गावचे प्रमुख नाना क्वाबेना बसले होते. त्यांनीही मान डोलावली.

मी वहीत लिहिलं, ‘भावनिक गुंतवणूक’. त्याखाली लिहिलं, ‘रोगाविषयी अपुरी माहिती’. आधीच्या दोन गावांच्या पानांवरही मी हेच लिहिलं होतं.

ही दोन हजार बारा सालची, पश्चिम घानातल्या बोन्सूक्रोम गावातली गोष्ट. मी तेव्हा पस्तिशीची होते. दापोलीला शेतीचं शिक्षण घेतलं, मग केरळात इडुक्कीच्या डोंगरांत एका कंपनीसाठी कोकोच्या बागा बघितल्या आणि तिथून त्याच कंपनीच्या सिंगापूरच्या कचेरीत गेले. कोको पिकवणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या देशांची मिळून एक संस्था होती. हा धंदा पुढच्या पन्नास वर्षांत टिकवायचा कसा, याचा सल्ला खासगी कंपन्यांनी द्यावा म्हणून तिने कंपन्यांचं एक मंडळ नेमलं होतं. मंडळाची रोगाविषयीची समिती आमच्या देवदत्त रेगेसाहेबांकडे होती आणि मी त्यांची शेतातली माणूस. सल्ल्याचा मसुदा जवळजवळ तयार होता. रोगट पट्ट्यातली झाडं सरसकट काढावीत, नवी लावावीत. पहिल्या वर्षी कुठल्या गावांपासून सुरुवात करायची ती यादी तेवढी माझ्याकडून जायची होती. त्या यादीत बोन्सूक्रोम पहिलं होतं. शंभरातली एकसष्ट झाडं रोगट, हा आकडा मीच महिनाभर फिरून काढला होता आणि मला त्याचा अभिमानही होता.

मॅडम कॉम्फर्ट माझ्या दुभाषी. सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्या भागातली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे कुठेही गाडी थांबली की लोक टोपी काढून उभे राहत. मला मात्र त्या नुसतं नावाने हाक मारत. शैला हे नाव त्यांना परकं वाटलं नाही. त्यांच्या चर्चमध्ये दोन शीला होत्या, त्यांत ही तिसरी.

नाना क्वाबेना गावचे जमीनमालक. ‘नाना’ हे तिकडे मानाचं संबोधन. मला ते ऐकून पहिल्यांदा हसूच आलं होतं, कारण आमच्या वाडीत तीन नाना होते. हे नाना मात्र खरोखर भले गृहस्थ होते. सभा संपल्यावर त्यांनी आम्हाला शहाळी दिली, माझ्या गावाची चौकशी केली आणि लोक अडाणी आहेत, हळूहळू ऐकतील, असं सांगून निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी परत फिरायचं होतं. पण माझ्या नकाशावर एक तुकडा मला खटकत होता. त्याच्या चहूबाजूंनी रोग नुसता माजला होता आणि हा तुकडा मात्र निम्माशिम्मा बरा दिसत होता. बाग लामिसी नावाच्या बाईची होती. मॅडम कॉम्फर्ट म्हणाल्या, उत्तरेकडून आलेली आहे, काल सभेत सगळ्यांच्या मागे बसली होती, एक शब्द बोलली नाही. सकाळी आम्ही तिच्याकडे गेलो.

ती बागेतच होती. पन्नाशीची, सडसडीत, डोक्याला फडकं बांधलेलं. कोकोच्या फळांचा ढीग पुढ्यात घेऊन बसली होती आणि लाकडी दांड्याने एकेक फळ फोडून आतला पांढरा गर केळीच्या पानांवर टाकत होती. तिने आम्हाला बसायला ओंडका दाखवला आणि काम चालू ठेवलं. मी थोडा वेळ बघत राहिले, मग दुसरा दांडा उचलला. इडुक्कीत मी हे काम शिकले होते. फळ आडवं धरून बरोबर कंबरेत हाणायचं, म्हणजे आतल्या बिया दुखावत नाहीत. माझं तिसरं फळ नीट दोन भागांत उघडलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

तासाभराने ढीग संपला. गर पानांत गुंडाळून आंबायला ठेवला, वर दगड ठेवले. सहा दिवसांनी तो उघडायचा, मग बिया उन्हात वाळवायच्या. जवळच आदल्या खेपेचा ढीग होता, त्याला कोकमाच्या सालींवर येतो तसा आंबूस वास सुटला होता. हात धुऊन ती उठली आणि न विचारताच मला बाग दाखवायला निघाली.

दहा पावलांतच माझ्या लक्षात आलं. रोगट झाडांच्या मधेमधे तरणी झाडं होती. काही गुडघ्याएवढी, काही पुरुषभर उंच, दोन-तीन तर फळाला आलेली. आणि जुन्या झाडांचे बुंधे होते, जमिनीलगत कापलेले, वर पालापाचोळा सारलेला. पहिल्या नजरेला दिसू नयेत असेच. ही बाई गेली कित्येक वर्षं एकेक झाड तोडत होती. आधी शेजारी रोप लावायची, ते उभं राहिलं की म्हाताऱ्या झाडाला हात घालायची. बाहेरून बघणाऱ्याला बाग कायम भरलेली दिसावी.

मला राहवलं नाही. मी मॅडम कॉम्फर्टना म्हटलं, “यांना सांगा, एकेक झाड काढून हा रोग जात नाही. याचा प्रसार पिठ्या ढेकूण करतो. जुन्या झाडावरून तो नव्यावर जाणारच. सगळी एकदम काढायला हवीत.”

त्यांनी सांगितलं. लामिसीने एका तरण्या झाडाचं पान उलटं करून माझ्यापुढे धरलं. शिरा लाल झाल्या होत्या. रोगाची पहिली खूण. मग ती काहीतरी बोलली.

“ती म्हणते, मला माहीत आहे. हे तिसऱ्यांदा लावलेलं झाड आहे.”

“मग सगळी का नाही काढत? कंपन्या फुकट काढून देतायत. काल सभेत सगळे म्हणाले की दया येते. हिला तर दया येत नाही. ही स्वतःच्या हाताने तोडतेय.”

मॅडम कॉम्फर्टनी याचं भाषांतर केलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं.

“मॅडम, तुम्हाला कारण माहीत आहे का?”

“मी दुभाषी आहे,” त्या म्हणाल्या. “जे कुणी बोललं नाही त्याचं मी भाषांतर करत नाही. तुझा प्रश्न मी विचारते. उत्तराची घाई करू नकोस.”

त्यांनी प्रश्न विचारला. बागेच्या टोकाशी रस्ता होता, तिकडे लामिसीने एकदा बघून घेतलं. मग तिने मलाच विचारलं, तुझ्या घरी जमीन आहे का.

मी म्हटलं, आहे थोडी.

ती कुणी दिली?

परदेशात असल्या प्रश्नाला आपण काहीबाही उत्तर देतो. पण सकाळभर तिच्या शेजारी बसून फळं फोडली होती, त्यामुळे असेल, मी खरं सांगितलं. आमची नव्हती, म्हटलं. आजोबा खोताची जमीन करायचे. डोंगरउताराची वरकस जमीन, नुसता कातळ. आजोबांनी सुरुंग लावून खड्डे केले, पाठीवरून माती आणली आणि काजू लावले, थोडे हापूस लावले. जमीन खोताची, झाडं आमची. पुढे सरकारने कायदा केला, जो कसतो त्याची जमीन, आणि ती आमच्या नावावर झाली. आजोबा एक वाक्य नेहमी म्हणायचे. ‘झाडां उभी आसत तवसर आपण हंय.’

ते वाक्य मी तिथे मालवणीतच बोलून गेले. मग ‘झाडं उभी आहेत तोवर आपण इथे’ असं त्याचं इंग्रजी केलं. मॅडम कॉम्फर्टनी त्याचं त्यांच्या भाषेत केलं. आणि ते त्यांच्या तोंडून बाहेर पडत असतानाच लामिसीने उत्तर द्यायच्या आधीच मला उत्तर कळलं.

लामिसी आता खालच्या आवाजात बोलत होती आणि मॅडम कॉम्फर्ट तितक्याच खालच्या आवाजात सांगत होत्या. हिचा नवरा पंचवीस वर्षांपूर्वी उत्तरेतून आला. इथे सगळं जंगल होतं. नानांच्या वडिलांनी त्याला हा तुकडा अर्धेलीने दिला. जंगल साफ कर, कोको लाव, पीक निम्मं तुझं, निम्मं माझं. कागद झाला नाही, तोंडी बोलीच झाली. चार म्हाताऱ्यांसमोर दारू शिंपडून शब्द दिला गेला. शब्द असा होता की, कोकोची झाडं जमिनीवर उभी आहेत तोवर जमीन तू करायचीस. झाडं गेली की जमीन मालकाची.

“इथे येऊन कसणारे सगळे असेच आहेत?” मी विचारलं.

“ती म्हणते, काल सभेला आलेल्यांतले चाळीस तरी.”

सभेत खुर्चीवर नाना बसले होते. मीच त्यांना आग्रहाने बोलावलं होतं, गावचे प्रमुख म्हणून. आणि त्यांच्यासमोर मी त्या चाळीस माणसांना विचारत होते, तुम्ही झाडं का तोडू देत नाही. दया येते, असं म्हणण्यावाचून ती दुसरं काय म्हणणार होती.

लामिसी पुन्हा काही म्हणाली. मॅडम कॉम्फर्टनी ते जरा थांबून सांगितलं. “ती म्हणते, माझं नाव कुठे लिहू नकोस.”

मी वही बंद करून पिशवीत टाकली आणि तिला दाखवलं. निघताना तिने वाळवलेल्या बियांची मूठभर पुडी मला दिली. गाडीत मी मॅडम कॉम्फर्टना विचारलं की तुम्ही मला पहिल्याच गावात का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या की मी सांगितलं असतं तर ती एका म्हाताऱ्या शिक्षिकेची कुजबुज झाली असती. जिची जमीन आहे तिने सांगायला हवं होतं. आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “तुझी यादी पाठवलीस का?”

यादी मी आदल्या रात्रीच, अहवालासकट पाठवली होती.

समितीची बैठक तीन दिवसांनी आक्रा शहरात होती. रेगेसाहेब सिंगापूरहून आदल्या दिवशी आले. हा माणूस साठीकडे झुकलेला, अतिशय शिस्तीचा, मोजून बोलणारा. मूळचे मालवणचे असूनही कचेरीत ते माझ्याशी इंग्रजीतच बोलायचे, आणि गणपतीला एकदा ‘काय, घरी कळवलंत का’ एवढंच मराठी सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. सकाळच्या नाश्त्याला मी त्यांना सगळं सांगितलं. बोन्सूक्रोम यादीतून काढा म्हटलं, आणि जमिनीचा करार झाल्याशिवाय कुठल्याच गावात तोडणी करू नये असं सल्ल्यात घाला म्हटलं. त्यांनी अंडं संपवलं, तोंड पुसलं आणि विचारलं, हे कुणी सांगितलं. मी म्हटलं, नाव सांगता येणार नाही. किती जणांनी सांगितलं? एकीने. ते म्हणाले, बैठकीत मांडा, बघू. एवढंच. मला वाटलं, झालं, संपलं.

बैठकीला नऊजण होते. मी उभी राहिले आणि आठ-दहा मिनिटं बोलले. जमिनीच्या तोंडी शब्दाबद्दल, उभ्या झाडांबद्दल. आपण झाडं तोडली तर पहिल्याच वर्षी एका गावातली चाळीस कुटुंबं आपल्या हाताने बेघर करू, असं मी म्हटलं.

युरोपातल्या एका मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी होता, हॉल्स्ट नावाचा. वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच सांगितलं की जमीन हा त्या त्या सरकारचा विषय आहे. आपल्याला कोकोवर सल्ला मागितलाय. जमिनीत हात घातला तर उद्या आपल्याला कुणी सल्लाच विचारणार नाही. शिवाय रोग थांबत नाही. आपण वर्षभर कागदांची वाट बघत बसलो तर आणखी दहा गावं जातील, त्यांचं काय.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तेच अवघड होतं.

“आणि मिस धुरी,” तो म्हणाला, “तुमच्या स्वतःच्या अहवालात तीन गावांतल्या दीडशे शेतकऱ्यांची उत्तरं आहेत. एकानेही जमिनीचा उल्लेख केलेला नाही. आता तुम्ही म्हणता एकीने केला. तिचं नाव?”

“ते मी देऊ शकत नाही.”

“एकही नाव नाही?”

मी ‘नाही’ म्हणून मान हलवली. खोलीत कुणीतरी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. हॉल्स्टने खांदे उडवले नाहीत की हसलाही नाही. तो नुसता रेगेसाहेबांकडे वळला, आता पुढचा मुद्दा घ्यावा अशा अर्थाने.

रेगेसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“नाव हवं असेल तर माझं लिहा,” ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मीही.

ते इंग्रजीत, त्यांच्या नेहमीच्या मोजक्या आवाजात बोलले. माझ्या आजोबांकडे दोन गावांची खोती होती, म्हणजे या इथल्या नानांसारखेच ते मालक होते. आमच्या डोंगरावर एक माणूस काजू लावून राहिला होता. त्याचं नाव सोनू. कायदा होणार, कसणाऱ्याला जमीन मिळणार, अशी कुणकुण लागली तेव्हा कुणाची झाडं कुठे उभी आहेत हे लिहून घ्यायला सरकारी माणूस येणार होता. तो यायच्या आठवडाभर आधी आजोबांनी सोनूची सत्तर झाडं तोडून घेतली. कारण सांगितलं की झाडांना कीड लागलीय, दुसऱ्या बागांना लागेल. कीड खरंच लागली होती. चार झाडांना.

“सरकारी माणूस आला तेव्हा तिथे झाडं नव्हती,” रेगेसाहेब म्हणाले. “म्हणून सोनूही नव्हता. त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, त्यामुळे तेही मी तुम्हाला पुराव्यादाखल देऊ शकत नाही. ती जमीन अजून आमच्याकडे आहे. माझे आजोबा वाईट नव्हते. गावात त्यांना लोक मानत. पण झाडं तोडायचं निमित्त आयतं त्यांच्या हातात आलं, आणि ते त्यांनी घेतलं. उद्या आपण तेच निमित्त इथल्या मालकांच्या हातात नेऊन देणार आहोत, तेही आपल्या खर्चाने.”

मग त्यांनी चष्मा परत घातला. हॉल्स्टने काही वेळ पेन्सिल फिरवली आणि विचारलं, वाक्य कसं हवं आहे तुम्हाला.

वाक्य ठरवायला दुपार गेली. झाडं तोडण्याआधी, कसणाऱ्याचा त्या जमिनीवरचा हक्क नव्या लागवडीवरही तसाच चालू राहील, असा लेखी करार मालक आणि कसणारा यांच्यात साक्षीदारांपुढे व्हावा. तोवर त्या गावात तोडणी होऊ नये. हॉल्स्टने त्यात एक भर घातली, आणि ती शहाणपणाची होती. करार करणाऱ्या मालकांच्या बागांनाही रोपं आणि मदत द्यावी, म्हणजे त्यांनाही करारात रस राहील. बोन्सूक्रोम यादीच्या तळाशी गेलं.

बाहेर पडताना रेगेसाहेब माझ्याबरोबर जिन्याने उतरले. अर्ध्या जिन्यात थांबले आणि मराठीत म्हणाले, “तुमच्या आजोबांचं गाव कुठलं म्हणालात?”

मी त्यांच्याशी सकाळी आजोबांबद्दल ओझरतं बोलले होते. मी देवगडकडच्या गावाचं नाव सांगितलं.

“मग ते आमचं कूळ नव्हे,” ते म्हणाले आणि त्यांनी श्वास सोडला. मी काही बोलणार तोच ते पुढे म्हणाले, “हे मी घरातही कधी बोललो नाही. तुम्ही त्या बाईचं नाव सांगितलं नाहीत, ते बरं केलंत.” आणि झपझप उतरून गाडीत बसले. त्यानंतरही कचेरीत आम्ही इंग्रजीतच बोलत राहिलो. चार वर्षांनी ते गेले. त्यांच्या मुलीने मला सांगितलं की त्यांनी शेवटच्या वर्षी गावी जाऊन कुणा सोनूच्या नातवंडांचा शोध घेतला होता. सापडली की नाही, ते तिला माहीत नव्हतं.

सल्ला हा शेवटी सल्लाच. सगळीकडे तो पाळला गेला नाही. काही गावांत मालकांनी सही द्यायला नकार दिला आणि रोगाने बागा खाल्ल्या. हॉल्स्ट म्हणाला होता ते तिथे खरं ठरलं, आणि त्याचा हिशेब माझ्या मनात अजून मिटलेला नाही. पण बोन्सूक्रोममध्ये चौदा महिन्यांनी नाना क्वाबेनांनी शाळेच्या आवारात बसून सदतीस करारांवर अंगठे आणि सह्या घेतल्या. मॅडम कॉम्फर्टनी प्रत्येक करार मोठ्याने वाचून दाखवला, असं त्यांनी मला पत्राने कळवलं.

मी तिकडे परत गेले ते तीन वर्षांनी, लागवड बघायला. मॅडम कॉम्फर्ट आता काठी घेऊन चालत होत्या. लामिसीच्या बागेत जुनं एकही झाड नव्हतं. लख्ख ऊन होतं, केळीच्या रांगा होत्या आणि केळींच्या सावलीत कंबरेएवढे कोको, तांबूस कोवळ्या पानांचे. मी चार-सहा पानं उलटून बघितली. शिरा हिरव्या होत्या.

मला तिला काही सांगायचं होतं. ते मी विमानात घोळवून ठेवलं होतं. मी मॅडम कॉम्फर्टना म्हटलं, यांना सांगा की मी यांची फार ऋणी आहे. त्या दिवशी यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नसता तर माझ्या हातून मोठं पाप घडलं असतं. माझ्या आजोबांची गोष्ट ऐकून यांना मी आपली वाटले, हे मी कधी विसरणार नाही.

लामिसीने ऐकून घेतलं. मग तिला हसू आलं, आणि ती केळीचं वाळलेलं पान ओढून काढता काढता बोलत राहिली. मॅडम कॉम्फर्टनी ते लगेच सांगितलं नाही. त्यांनाही ते नवं असावं. त्यांनी तिला काहीतरी उलट विचारलं, तिने मान हलवली.

“ती म्हणते, तुझ्या आजोबांमुळे नाही,” मॅडम कॉम्फर्ट म्हणाल्या. “ती गोष्ट तिला आवडली, पण तू काहीही सांगितलं असतंस तरी ती बोलणारच होती. तुझ्याआधी बाहेरचे दोघेजण येऊन गेले होते. दोघांनाही तिने हेच सांगितलं होतं.”

“मग?”

“पहिल्याने खरंखोटं करायला नानांनाच जाऊन विचारलं. त्या साली तिचा ओढ्याकडचा तुकडा गेला. दुसऱ्याने सगळं लिहून घेतलं आणि तो परत आला नाही.”

मी लामिसीकडे बघत राहिले. एकाच्या तोंडाने जमीन गेलेली, दुसऱ्याने पाठ फिरवलेली, आणि तिसरी ही वही घेऊन आलेली बाई, जिने आदल्याच दिवशी मालकाला खुर्ची मांडून दिली होती.

“त्यांना विचारा,” मी म्हटलं, “तरी तिसऱ्यांदा का सांगितलं?”

मॅडम कॉम्फर्टनी विचारलं. लामिसीने पान बाजूला टाकलं आणि मला हे विचारावं लागावं याचं नवल वाटल्यासारखी माझ्याकडे बघून ती एवढंच बोलली.

“ती म्हणते, तू विचारलंस.”